क्लचअण्णा

ट्रॅक्टरवर चढण्याआधी अण्णा फक्त डाव्या पायातली चप्पल काढायचे. उजवी तशीच. मडगार्डला धरून, एक पाय अनवाणी आणि एका पायात चप्पल, असा हा सहा फुटी माणूस सीटवर बसला की राज्याभिषेक चालल्यासारखं वाटायचं. उजव्या चपलेवर एवढी मेहेरबानी का, असं मी एकदा विचारलं. "उजवा पाय ब्रेकवर. त्याला अक्कल लागत न्हाय," अण्णा म्हणाले.

डाव्याला लागायची. कारण तो क्लचवर. आमच्या पंचक्रोशीत जुन्या ट्रॅक्टरचा क्लच बिघडला की अण्णांकडे न्यायचा, आणि मालकानं आजार सांगायचा नाही, असा रिवाज होता. कुणी "प्लेट जळाली वाटतं" म्हणालं, की अण्णा पाना पुढं करायचे, "मग तूच खोल." ते डोळे मिटून तीनदा पेडल दाबायचे. मग मालकाला वर बसवून एक चक्कर मारायला लावायचे आणि स्वतः शेजारून, पेडलवर नजर ठेवून चालायचे. दहातल्या सात जणांचा पाय काम नसतानाही पेडलवर विसावलेला असायचा. "प्लेट जळाली न्हाय, तू जाळली. पाय काय उशीवर ठेवलाय?" एवढं बोलून पेडल बोटभर मोकळं करायचे आणि माणसाला घरी पाठवायचे. हातात आलेलं काम असं परत पाठवणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही.

मग आमचं गाव पुण्यात गेलं. म्हणजे आम्ही कुठंच गेलो नाही, पुणंच आलं. शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या, आणि ट्रॅक्टर एकेक करत दौंड-शिरूरकडे विकले गेले. अण्णांची बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. राहिली ती पत्र्याची शेड, तिच्यामागची एक खोली आणि एकच गिऱ्हाईक: आमच्या वडिलांचा लाल ट्रॅक्टर. वडील गेल्यावर तो मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा केला होता. दोन चकचकीत मोटारींच्या मध्ये तो लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेल्या पैलवानासारखा दिसायचा.

दर रविवारी सकाळी अण्णा यायचे. ट्रॅक्टर जागचा हलत नसला तरी पेडल दाबून बघायचे. पावसाळा आला की पेडल खाली दाबून, ते तसंच राहावं म्हणून, सीटखाली एक लाकडी दांडका अडकवायचे, कारण उभ्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट ओलीनं गंजून इंजिनाला चिकटून बसते. मग गिअर टाकायला गेलं की नुसती करकर. चहा प्यायचे, माझ्याशी चार शब्द बोलायचे. चारही क्लचबद्दल. मी वरून खाली येईपर्यंत मोटारीला टेकून वाट बघत थांबायचे. आठवड्यात दुसऱ्या कुणाशी बोलत असतील असं मला वाटत नाही.

एकदा ते माझ्यासोबत नाना पेठेत नवी प्लेट घ्यायला आले. दुकानदारानं वर न बघताच सांगितलं, "अहो, या मॉडेलसाठी दुकानात नाही, संग्रहालयात चौकशी करायची असते." परतीच्या बसमधून उतरताना अण्णा म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. पण वर बघून बोलला असता, तर काय बिघडलं असतं?"

शेवटी मी ट्रॅक्टर विकायला काढला. सोसायटीच्या तीन नोटिसा येऊन गेल्या होत्या. गिऱ्हाईक दिवाळीनंतर येणार होतं, आणि अण्णांना सांगायची माझी छाती होईना. त्यात मी एक शहाणपणा करून ठेवला होता. फोटो चांगले यावेत म्हणून भर पावसाळ्यात तो दांडका काढला, आणि पुन्हा बसवायचा राहिला. अण्णा तेव्हा तापानं महिनाभर घरीच होते.

बरे होऊन आले. डावी चप्पल काढली, चढले, पेडल दाबलं. डोळे उघडले.

"दांडका कुणी काढला?"

"वॉचमननं असेल," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि ट्रॅक्टर गिअरमध्येच चालू केला. चिकटलेली प्लेट न खोलता सोडवायची ही त्यांची जुनी रीत: क्लच दाबून धरायचा, गाडी पळवायची आणि मध्येच ब्रेक मारत राहायचं. फक्त ती शेतात करायची असते. आमच्या सोसायटीच्या बागेभोवती तो लाल पैलवान गचके खात सुटला. योगासनं करणाऱ्या बायका कट्ट्यावर चढल्या. आमचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, हातवारे करत मागं धावले, "अहो, थांबवा तो! आपण थांबवणार आहात की नाही?"

"सुटल्यावर थांबंल!" अण्णा ओरडले. चौथ्या फेरीला खाडकन आवाज झाला, प्लेट सुटली आणि ट्रॅक्टर अध्यक्षांच्या पुढ्यात वीतभर अंतरावर अलगद उभा राहिला. अण्णांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पुन्हा पाहिला नाही. कपाळाचा घाम पुसत ते खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक कधी येतंय?"

मी त्यांची डावी चप्पल पायाशी सरकवली.

"ठेवायची वस्तू असली तर दांडका काढत न्हाईत, लेका."

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी अण्णा आपणहून हजर होते. त्यांनी त्या शिरूरच्या माणसाला दोन चकरा मारायला लावल्या, पेडलवर विसावलेल्या पायाबद्दल पोटभर बोलून घेतलं, आणि ट्रॅक्टर निघाला तेव्हा हमरस्त्यापर्यंत त्याच्यामागं चालत गेले. परत मात्र माझ्याकडे आले नाहीत, तिथूनच घरी वळले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मीच गेलो. अण्णा दारात बसले होते.

"काय बिघडलंय?"

"काही नाही. सहज आलो."

"मग कशाला आलास?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. बिघाडाशिवाय त्यांच्याकडे कधी कुणी आलंच नव्हतं. अर्धा तास आम्ही समोरासमोर बसलो, आणि मधे ट्रॅक्टर नसल्यामुळं दोघांनाही बोलता येईना.

मी नाटकी माणूस. पुढच्या खेपेला घरचा मिक्सर घेतला, खालचा एक स्क्रू सैल केला आणि खडखडतो म्हणून अण्णांपुढं नेऊन ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, हलवून बघितला.

"ह्याला क्लच नसतो."

"तरी बघा ना, अण्णा."

"ठेव. आठ दिवसांनी ये."

आठ दिवस भरायच्या आत अण्णा झोपेतच गेले. खोली आवरताना शेजारच्या बाईंनी मिक्सर माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी झाला म्हणून सांगत होते. देऊन येऊ का विचारलं, तर म्हणाले, राहू दे, तो येणार हाय." मी मिक्सर उलटा केला. मी सैल केलेला स्क्रू घट्ट आवळलेला होता.