न चाखलेले चॉकलेट

स्वयंपाक करणाऱ्याने पदार्थ चाखायचा नाही, हा नियम पदार्थाला जपण्यासाठी असतो की करणाऱ्याला? सरोजिनी परचुरे यांच्याविषयी लिहू जाता हा प्रश्न पहिल्याच ओळीत आडवा येतो, आणि त्याचे उत्तर अखेरपर्यंत हाती लागत नाही.

सरोजिनीबाई कसबा पेठेतल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली: दुसऱ्याच्या पानात वाढायच्या अन्नाला करणाऱ्याची जीभ लागता कामा नये. आमटीतले मीठ त्या अंदाजाने घालू लागल्या, पाकाची तार बोटांवर पाहू लागल्या, आणि पस्तीस वर्षांत त्यांचे काही बिघडले नाही. कोणी गुपित विचारले तर म्हणत, "हाताला कळतं."

१९९३ साली चार दिवसांच्या एका वर्गात त्या घरगुती चॉकलेटे करायला शिकल्या. बाजार नुकताच मोकळा झाला होता; परदेशी चॉकलेटांची नावे पुण्यात ऐकू येत, पण ती तोंडात पडणे कोणाच्या तरी भाच्याच्या सुटकेसवर अवलंबून असे. ही हौस रविवार पेठेत चॉकलेट म्हणून मिळणाऱ्या तपकिरी लादीने भागवली. ती वितळवायची, साच्यात ओतायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि रंगीत चमकी कागदात गुंडाळायची. वर्गात त्यांनी एक कोपरा खाल्ला होता. चॉकलेट असेच लागत असणार, असे समजून चालल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या घरी वर्ग सुरू केले. अकरा वर्षांत तीनशेवर बायका शिकून गेल्या. राखी असो, बारसे असो, 'परचुरे काकूंची चॉकलेटं' ठरलेली. डब्यावरच्या चिठ्ठीवर त्या आपल्या वळणदार अक्षरात न चुकता लिहीत: शुद्ध.

२००५च्या सप्टेंबरात भाग्यश्री आली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, मूळची वर्ध्याकडची. येरवड्यात राहायची आणि खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत व्यवस्थापन विभागात काम करायची. दिवाळीला परदेशी पाहुण्यांना द्यायच्या पेट्या कंपनीला हव्या होत्या आणि तिने काकूंचे नाव सुचवले होते. सोबत तिने एक काळी, चपटी पेटी आणली होती.

"काकू, साहेबांना अशी पाहिजेत. तुम्ही आधी एक खाऊन पाहा ना."

पेटीत बारा खाचा होत्या आणि प्रत्येकीत निराळा ऐवज. एकात कोकोच्या भुकटीत घोळवलेला मऊ गोळा, एकात संत्र्याच्या सालीचा तुकडा बुडवलेला, एकात भाजलेल्या हेझलनटचे सारण, एकात मिठाची कणी घातलेली जळक्या साखरेची साय. मधल्या दोन खाचांत मात्र नुसत्या काळ्या चकत्या होत्या, सत्तर टक्के कोकोच्या.

सरोजिनीबाईंनी चकती उजेडात धरली. तिच्यात खिडकी दिसत होती. मोडली तशी टक् करून वाजली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि चावायच्या आधीच ती नाहीशी होऊ लागली. आधी कडू, मग जांभळासारखी तुरट-आंबट, आणि गिळून झाल्यावरही चव घशात रेंगाळत राहिली.

त्या उठल्या. फळीवरच्या डब्यातून स्वतःचे एक चॉकलेट काढले, कागद सोडवला आणि खाल्ले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते टाळूला चिकटले आणि तिथेच बसून राहिले, थंड भातावर गोठलेल्या वनस्पती तुपासारखे.

"वाईट नाही लागत, काकू," भाग्यश्री घाईने म्हणाली.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

भाग्यश्री पेटीचे झाकण लावत राहिली. "खराडीत लागल्यापासून. पण तुम्हाला कसं सांगणार होते मी?"

लादीच्या वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलेच होते. खऱ्या चॉकलेटात असते ते कोकोचे लोणी कुठेच नव्हते. त्याच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. हे वेष्टन सरोजिनीबाईंनी हजारदा फाडले होते. भेसळ कोणी केली नव्हती. खोटा होता तो चिठ्ठीवरचा एक शब्द, आणि तो त्यांच्याच अक्षरात होता.

पेट्यांचा नमुना शुक्रवारी द्यायचा होता. त्यांनी खऱ्या कोकोच्या लोण्याचे चॉकलेट मागवले आणि नेहमीच्याच रीतीने वितळवून ओतले. सकाळी साच्यातून निघाल्या त्या राखाडी चरे पडलेल्या वड्या.

त्यांचे पती श्रीधरपंत बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी एक वडी चष्म्याजवळ नेली. "उत्खननात सापडल्यासारखी दिसतात. नाणी म्हणून खपतील."

"अहो, चेष्टा पुरे. बुरशी आहे का ही?"

"ते तू मला विचारतेस? तीनशे बायकांना तू शिकवलंस."

ती बुरशी नव्हती. भाग्यश्रीने फोनवर समजावले: हे चॉकलेट आधी तापवायचे, मग निववायचे आणि नेमके एकतीस-बत्तीस अंशांवर ओतायचे, नाहीतर त्यातले लोणी वर येऊन असे डाग पडतात. श्रीधरपंतांनी कपाटातला तापाचा थर्मामीटर आणून दिला. त्यावरचे आकडे पस्तिसापासून पुढे होते. "याला ताप आल्याशिवाय हा बोलायचा नाही," असे म्हणून त्यांनी तो परत ठेवला.

"काकू, थर्मामीटर राहू द्या," गुरुवारी रजा काढून आलेली भाग्यश्री म्हणाली. "कारागीर काय करतात, चमच्याच्या टोकाला घेतात अन् खालच्या ओठाला लावतात. जरासं गार लागलं की झालं."

"आणि ते उष्टं लोकांना द्यायचं?"

"चमचा धुऊन टाकायचा ना! पातेल्यात कुठं घालून राहिलो आपण?"

बोलणे बिनतोड होते. सरोजिनीबाईंनी चमचा घेतला. पातेल्यातले चॉकलेट संथ झाले होते. चमचा हनुवटीपर्यंत आला आणि तिथे थांबला. तो धुता येतो, हे त्यांनाही कळत होते. अडचण चमच्याची नव्हती. आज ओठाला लावून खात्री करायची, तर आजवर खात्री न करताच दिले, याची ती कबुली झाली असती. मग अकरा वर्षांच्या डब्यांवर विसंबण्यासारखे काय उरले असते? एक थेंब पदरावर पडला.

"काकू, निवतंय ते."

"तू बघ," त्या म्हणाल्या आणि चमचा तिच्या हाती दिला.

भाग्यश्रीने तो ओठाला लावला, डोळे बारीक केले, दुसऱ्यांदा दुसरा चमचा घेतला आणि मान हलवली. ओतण्याचे काम सरोजिनीबाईंनीच केले. साचा आपटून बुडबुडे काढण्यात त्यांचा हात धरणारे अजून कोणी नव्हते. तासाभराने वड्या सुटल्या. काळ्या, तकतकीत.

श्रीधरपंतांनी एक खाल्ली आणि दुसरी उचलली. "अरे वा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच सरोजिनीबाईंना सोसेना.

भाग्यश्रीने चिठ्ठ्या पुढे केल्या. "लिहा काकू. तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

"तुझं नाव लिही. मला हे चांगलं झालंय की नाही, ते सांगता येणार नाही."

"एक खाऊन पाहा ना मग!"

"आता खाऊन कळेल ती तुझी पारख, माझी नाही," त्या म्हणाल्या आणि पातेले घासायला घेतले.

पेट्या भाग्यश्रीच्या नावाने गेल्या. सरोजिनीबाईंचे वर्ग मे २००७मध्ये बंद झाले; एप्रिल २००९मध्ये भाग्यश्रीने नोकरी सोडून येरवड्यात चॉकलेटांचे दुकान उघडले.