वादळ गेल्यानंतरचं नवरात्र

एका नवरात्रात मी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलले होते, "देवा, हा पाऊस तेवढा थांबव, मी घरापासून तुझ्या पायरीपर्यंत अनवाणी चालत येईन." दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. देवानं त्याच्या बाजूचं काम चोख केलं. पाऊस थांबल्यानंतर काय व्हावं, हे मात्र मी मागितलंच नव्हतं!

आमच्या गल्लीतल्या बायकांचं आरतीचं मंडळ आहे. नवरात्रात रोज एकेकीच्या घरी आरती, मग प्रसाद, मग गप्पा. एकीनं एक किस्सा काढला की दुसरी त्यावर आपला ठेवते, तिसरी त्यावर. गोवऱ्या रचाव्या तशी रास होत जाते. पण सगळ्यात उंच रास त्याच नवरात्राची. अजून कुणीतरी त्यात एखादी गोवरी घालतंच.

आमच्या हिंगोलीचा तेव्हा जिल्हा झाला नव्हता. वादळ आलं होतं लांब, आंध्रच्या किनाऱ्यावर. आमच्यापैकी एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. कॅलेंडरवर पाहिला असेल तेवढाच. पण तिकडे जमिनीवर चढलेलं वादळ इकडे आलं आणि ऐन नवरात्रात आमच्यावर कोसळत राहिलं. अंगणात तळं, चुलीत पाणी, झेंडूची फुलं कुजून काळी.

मग एका सकाळी ऊन पडलं. आमच्या ह्यांनी रेडिओचा कान पिळत जाहीर केलं, "वादळ विरलं. धोका टळला. आता तुम्ही बायका मोकळ्या!"

आम्ही खरंच मोकळ्या झालो आणि धुणं काढलं.

*

इतक्या दिवसांची ओली लुगडी, चादरी, गोधड्या. गल्लीत जिथे तार दिसेल तिथे बायका कपडे टाकत सुटल्या. माझी धाकटी जाऊ सुशीला हिनं आमच्या अंगणातल्या लोखंडी तारेवर ओली साडी टाकली आणि "आई गं!" म्हणून मागे फेकली गेली. जमिनीवर बसली ती थरथर कापायला लागली. केस सुटलेले, डोळे मोठे झालेले.

दिवस नवरात्राचे. शेजारच्या बायका धावत आल्या, बघतात तर हे असं! एकीनं लगेच हात जोडले, "आई आली गं, अंगात आली!" दुसरीनं घरातून हळदीकुंकवाचा करंडा आणला. कापूर लागला. कपाळभर कुंकू भरलं. आणि गल्लीतल्या गोदाकाकूंनी पुढं होऊन विचारलं, "माय, माझ्या माधवला नोकरी कधी लागंल?"

सुशीलाला तेवढ्यात वाचा फुटली. ती ओरडली, "आधी लाइट बंद करा!"

समोरच्या घरातून वंदनाताई पळत आल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या. "कुंकू काय लावून राहिल्या? तारेत करंट उतरलाय! कुणी हात लावू नका, मेन स्विच पाडा!" वादळात खांबावरून घरात येणारी वायर सैल होऊन आमच्या पत्र्यावर टेकली होती आणि कपड्यांची तार त्याच पत्र्याला बांधलेली होती.

सुशीला वाचली, हाताला जरासं भाजलं तेवढंच. गोदाकाकू मात्र करंडा मिटताना म्हणाल्या, "मंडळात आजवर लई जणींच्या अंगात आली, पण इतका सरळ कौल कुणीच दिला न्हाई."

*

आता ह्या गोदाकाकूंचं सांगायला हवं. वय साठीच्या पुढं, नवरा वारलेला, मुलगा माधव शिकून घरी बसलेला. घर मातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडाच्या तुळयांवर माती टाकून केलेलं छप्पर. पावसानं ते माळवद पाणी पिऊन जड झालं होतं आणि देवघराच्या मागची भिंत बाहेर फुगली होती. माधवनं तिला लाकडाचा टेकू दिला होता. दिवसातून चारदा तो टेकू बघायचा आणि चारदा आईच्या पाया पडायचा, "आई, चल ना इथून. पावसात टिकलेली मातीची भिंत उन्हात पडत असते."

काकू हलायला तयार नव्हत्या. कारण देवघरात घट बसला होता. माधव लहानपणी फार आजारी पडला होता, तेव्हापासून काकू घट बसवत आल्या होत्या. जमिनीवर पत्रावळ, तिच्यावर माती, मातीत धान्य, मध्ये घट आणि शेजारी अखंड दिवा. एकदा बसलेला घट उठेपर्यंत हलवायचा नाही, दिव्याला एकटं सोडायचं नाही. त्या तिथेच उपासाचं खात, तिथेच झोपत. भिंत त्यांच्या डोक्यापासून हातभर.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काकू, भिंतीचं पोट सुटलंय हो."

"माझं बी सुटलंय की," काकू म्हणाल्या. "मी पडले का?"

*

काकू हट्टी होत्या, पण अडाणी अजिबात नव्हत्या. आडाचं पाणी पावसानं गढूळ झालं होतं आणि वंदनाताई घरोघर बजावत होत्या, पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालू नका. आरतीला तीर्थ द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. उकळलेलं तीर्थ कधी कुणी घेतलं होतं?

काकूंनी निर्णय दिला. "देवी थंडीत ऊन पाण्यानं न्हाती. मग तीर्थ उकळलं तर काय बिघडलं? टाका आधणात दोन तुळशीची पानं."

मी माधवला हळूच म्हटलं, "बघ, ऐकतात त्या."

तो म्हणाला, "पाण्याचं ऐकते, भिंतीचं न्हाई."

*

आमच्या घरीही एक पाहुणा आला. बिळांत पाणी शिरलं की जनावरं कोरडी जागा शोधतात. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर कोनाड्यात वेटोळं! चांगली लांब धामण. माझ्या हातातली काडेपेटी पडली, पण मनात आलं ते वेगळंच. नागनाथाला बोललेला नवस अजून फिटला नव्हता. मी तिथेच हात जोडून उभी राहिले.

हे मागून आले. त्यांनी मागचं दार सताड उघडलं, मला बाजूला ओढलं, आणि म्हणाले, "तू पायी जाणार होतीस ना? देवच आला. तुझं चालणं वाचलं!"

धामण सावकाश उतरली आणि मागच्या दारानं निघून गेली. चालायचं ते मी नंतर चाललेच.

*

सुशीलाचं माहेर जवळा बाजारच्या पुढं, पूर्णा नदीच्या पलीकडे. आम्ही दोघी देवीची ओटी भरायला एसटीनं निघालो. ऊन कडक, आभाळ निळंशार. पुलाजवळ गाडी थांबली. पुलावरून लाल पाणी वाहत होतं. वर सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले होते.

एक गृहस्थ ड्रायव्हरवर चिडले, "अरे, पाऊस कुठंय? गाडी काहून थांबवली? चार बोटं तर पाणी हाय!"

ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणाला, "तुमी पुढं व्हा. पाणी किती खोल हाय ते परत येऊन सांगा."

गृहस्थ बसून राहिले.

मला वाटलं, नदीची ओटी भरावी. काठावरूनच खण-नारळ वाहिला, हळदकुंकू टाकलं. नारळ थोडा पुढं गेला, गरगर फिरला आणि परत आमच्याच काठाला येऊन लागला. मला भरून आलं. म्हटलं, "बघा, आईनं प्रसाद परत दिला! आता वाट देईल."

कंडक्टर खिडकीतून बघत होता. म्हणाला, "मावशी, नारळालाबी पलीकडं जाता आलं न्हाई!"

गाडी वळवली. देवीची ओटी तशीच घरी आणली.

*

नवमीला आरती गोदाकाकूंच्या घरी होती. आम्ही ताटं घेऊन गेलो तर वंदनाताई दारात हात आडवे करून उभ्या. "आत कुणी जायचं न्हाई." ऊन आणखी तापलं होतं. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून माती झरत होती. माधव टेकूला पाठ लावून उभा होता, घामानं निथळत. आत काकू दिव्यात तेल घालत होत्या.

"आई, तुझ्या पाया पडतो!"

"माझ्या कशाला? देवीच्या पड. घट हलवायचा नसतो."

कुणी रडायला लागलं, कुणी ओरडायला. वंदनाताई त्या घरात जाऊन काकूंसमोर उकिडव्या बसल्या. त्या बौद्ध. घट बसवत नसत, पण काकूंच्या प्रसादाला दर वर्षी येत.

"काकू, देवी तुमची कोण?"

"नवरात्रात माहेरी आलेली लेक."

"लेक बाळंतपणाला आली असती अन् भिंतीला अशी चीर गेली असती, तर काय केलं असतं?"

काकू म्हणाल्या, "तिला तुझ्या घरी धाडलं असतं."

"मग धाडा की."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. माती झरत होती. मग त्या म्हणाल्या, "लेकीला रिकाम्या ओटीनं धाडत न्हाईत."

आणि त्या भिंतीखाली बसून त्यांनी ओटी भरायला घेतली! खण शोधला, तांदूळ निवडले, एक खडा सापडला तो काढला. माधव बाहेरून ओरडला, "आई, उरलेले खडे तिकडं काढ!" मी माझ्या घरून पितळी परात पळत आणली. काकूंनी पत्रावळीखाली दोन्ही हात घालून घट मातीसकट परातीत उचलून घेतला, एक कोंबसुद्धा मोडला नाही. परात वंदनाताईंनी घेतली, दिवा काकूंनी पदराआड धरला. दोघी गल्ली ओलांडून समोरच्या घरात गेल्या. माधव शेवटी टेकू सोडून धावला.

वंदनाताईंच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली चौरंग होता. त्यांनी त्यावरची फुलदाणी उचलून जागा केली.

काकू म्हणाल्या, "तुला चालंल ना गं?"

"लेक तुमची. तिला जेवायला काय करू ते सांगा."

परात चौरंगावर टेकली आणि बाहेर धप्प आवाज झाला. मग माळवद खचल्याचा, लांबलचक. धुळीचा लोट दारातून आत आला. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही तळहात ज्योतीभोवती धरून त्या धूळ बसेपर्यंत उभ्या राहिल्या. मग ज्योत सरळ झाली तसा हात काढला.

"वंदना, आता च्या ठेव," त्या म्हणाल्या. "साखर जास्त टाक. उपास हाय माझा."

बायांनो, तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणी घट जमिनीवर बसवत नाही, आम्ही सगळ्या परातीतच बसवतो. तुम्हीही यंदा तसाच बसवा.