पेपर नक्की कुणाचा

आमच्या जिल्ह्यात माणसं पेपर वाचत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. कसालच्या नाक्यावर आमच्या दैनिकाचा एजंट चहाची टपरी चालवतो. ओरोसला जिल्हा कचेरीत बातमीसाठी जायचं झालं की मी थोडी पुढे जाऊन त्याच्याकडे चहा घेते. आपला पेपर आज कोणत्या पक्षाचा झालाय, हे तिथे आयतं कळतं. सत्तेवरच्या पुढाऱ्याचा फोटो जरा मोठा लागला की एक बाक म्हणतं, "इकलो!" विरोधकांच्या मोर्चाची बातमी वर चढली की समोरचं बाक म्हणतं, "आता तेंनी इकत घेतलो." आणि दोन्ही बाकं तोच पेपर घडी घालून घरी नेतात.

एजंटाचं स्वतःचं मत एकदा त्याने मला ग्लास विसळता विसळता सांगितलं. "तुमचे अण्णा म्हणतत, ह्यो पेपर कोणाचोच नाय. पण बाये, कोणाचोच नाय असा काय आसता? रानातल्या काजीच्या झाडाक सुद्दा धनी आसता."

मी हसले. पण मनातून मला तो माणूस पटला होता. मी याच मातीतली आहे. देणाऱ्याने दिलं की का दिलं, आणि नाही दिलं की कुणाला दिलं, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणाला घास गिळत नाही.

अण्णा म्हणजे आमचे संपादक आणि मालक. सावंतवाडीत शाळामास्तर होते. त्या काळी पेपर यायचे ते कोल्हापूरहून किंवा पणजीहून, आणि आमचा सगळा जिल्हा त्यांच्या आतल्या पानाच्या एका कोपऱ्यात मावायचा. इथे पूल वाहून गेला तरी ती बातमी तिकडच्या नगरपालिकेच्या गटाराखाली लागायची. या रागातून अण्णांनी नोकरी सोडली आणि साप्ताहिक काढलं. पुढे त्याचं दैनिक झालं. पहिलं यंत्र कुणीतरी भंगारात काढलेलं होतं. त्याची शाई इतकी सुटायची की आमचा वाचक बोटांवरून ओळखू यायचा.

अण्णांनी पेपराच्या नावाखाली 'स्वतंत्र दैनिक' असं छापलं आणि आयुष्यभराचं दुखणं मागे लावून घेतलं. स्वतंत्र हा शब्द वाचला की आमच्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते. ज्यांनी एका निवडणुकीत भर बाजारात आमचा पेपर जाळला, त्यांनीच पुढच्या निवडणुकीत तो हातात फडकवत भाषणं केली. तेव्हा जाळायची पाळी दुसऱ्यांची होती. अण्णा म्हणायचे, दोघंही जाळतात तोवर आपलं बरं चाललंय.

त्यांचे काही नियम होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग त्या कुणाच्याही असोत, आतल्या पानावर. जत्रेच्या बातमीत मानकऱ्यांची नावं नाहीत, कारण कुणाचं नाव आधी आलं यावरून आमच्याकडे देवळं बंद पडतात. आणि तिसरा नियम गाऱ्हाण्याचा.

देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. त्याच्या मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, त्याला थांबवायचं नाही. अण्णांनी हेच पहिल्या पानाच्या तळाशी आणलं. मालवणीतून रोज एक गाऱ्हाणं: खड्ड्याचं, नळाचं, एसटीचं, पुढाऱ्याचं. "बा देवा म्हाराजा, ज्येणी रस्तो खाल्ल्यान, त्येका तो पचू दी नको." खाली नाव नसायचं. ते लिहिणारा कुणीतरी मिश्यावाला गावकर असावा अशी लोकांची समजूत होती. लिहीत होते मी. उपसंपादक म्हणून रुजू झाले त्या वर्षापासून ते माझ्याकडे होतं, आणि अण्णांनी त्यातला एक शब्द कधी कापला नव्हता. देवासमोरच्या बोलण्याला कात्री लावायची नाही, असं ते म्हणायचे. पेपर कुणाचा, याचं माझ्यापुरतं उत्तर तेवढंच होतं.

माझं माहेर आरोंद्याला. आमच्या घराशेजारून खाडीवर एक पाणंद जाते. दोन्हीकडे दगडांचे गडगे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. खाडीत होड्या घालणारी सगळी वाडी याच वाटेने जाळी नेते आणि मासळी वर आणते. गेल्या पावसाळ्यानंतर वाडीतून फोन आला, पाणंदीत चिऱ्यांची भिंत येतेय, वाट बंद होणार. कुणी घातली, विचारलं तर पलीकडचा माणूस आधी आवाज नीट येत नसल्याचं निमित्त काढू लागला. मग म्हणाला, "मोठी माणसा. तुका म्हायत आसतलीच."

मला काय, लगेच माहीत झालं. भागातल्या एका पुढाऱ्याला खाडीकाठाने हॉटेलं उभी करायची होती हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मी गावात जाऊन आले. भिंत पाहिली. चार घरी विचारलं. जो तो पाणी पुढे करी, चहा विचारी, आणि भिंतीचा विषय निघाला की गुरांकडे बघायला उठे. किती दहशत आहे बघा, असं मी मनात म्हटलं. घरी आई म्हणाली, "तू त्या भानगडीत पडा नको." दादा, माझा मोठा भाऊ, घरीच नव्हता.

बातमी लिहिली. अण्णांनी वाचली आणि म्हणाले, "राहू दे. अजून चौकशी करूया."

अण्णा आणि चौकशी! बातमी हातात पडल्यावर छापखान्याकडे धावणारा माणूस तो. मी वाट पाहिली. आठवडा गेला. मग तोच विषय गाऱ्हाण्यात घातला: "बा देवा म्हाराजा, खाडयेची वाट ज्येणी आडयल्यान, त्येची वाट तूच दाखव." दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पेपर उघडला तर गाऱ्हाणं एसटीच्या वेळापत्रकावर संपलं होतं. माझी ओळ नव्हती.

त्या दिवसापासून मी आमच्या कचेरीत टपरीवरच्या बाकासारखी बसू लागले. प्रत्येक गोष्टीत पाणी मुरताना दिसू लागलं. त्या पुढाऱ्याची गाडी एकदा दारात उभी राहिली. तो मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता, ते जिल्ह्यातल्या सगळ्याच पेपरांना होतं, पण मला ते निमित्त वाटलं. कचेरीत नवा पंखा आला. मी तोही मोजला. सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे अण्णा माझ्याशी गोड बोलू लागले. एरवी शीर्षक चुकलं की तिथल्या तिथे उद्धार करणारा माणूस, आता "आई बरी आहे ना?" विचारायचा. "दमली असशील, घरी जा" म्हणायचा. विकलेला माणूस मऊ होतो, असं माझं ठाम मत झालं. राग तर येतच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शब्दाखाली मी माझे शब्द लावले, तो एका हॉटेलवाल्याला गेला.

कसालला गेले तर एजंट ग्लास पुढे करत म्हणाला, "पेपर सध्या गप आसा." दोन्ही बाकं माझ्याकडे बघत होती. मी चहा तसाच ठेवून उठले.

तिथून थेट कचेरीत आले आणि अण्णांच्या टेबलापुढे उभी राहिले. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेलेले. म्हटलं, "अण्णा, कितीला गेलो आपण?"

ते कचेरीत कायम शुद्ध बोलत. मास्तरकीची सवय. त्यांनी चष्मा काढला आणि मालवणीत आले.

"बस गो," ते म्हणाले. "पाणंदीकडची तुमची जमीन तुझ्या दादान इकली. भायरच्या एका माणसाक. पाणंद आपलीच म्हणान सांगल्यान आणि तीय देवन टाकल्यान. पुढाऱ्याचो संबंध नाय हेच्यात."

मी म्हटलं, शक्य नाही. आणि म्हणता म्हणताच सगळं जागेवर बसलं. वाडीतली ती पाण्याची भांडी, गुरांकडे बघायला उठणारी माणसं. दहशत कसली, ती माणसं माझ्याकडे बघून लाजत होती. त्यांना वाटत होतं, हिला सगळं ठाऊक आहे आणि ही आम्हालाच विचारायला आलीय. बाबा गेल्यावर मी हक्कसोड करून दिली होती, आनंदाने. त्यामुळे जमीन विकताना माझी सही लागली नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत.

"तुझो दादा हंय येवन गेलो," अण्णा सांगत होते. "माका म्हणालो, तिका कळला तर घर तुटतला. मी इतकी वर्षा कोणाच्या बापाक भ्यालंय नाय. पण तुझ्या आवशीचा तोंड डोळ्यांसमोर इला."

कुणाला वाटेल, आईचं नाव ऐकून मला गहिवरून आलं असेल. मला संताप आला. ज्या पेपराने मंत्र्यापुढे मान वाकवली नाही, तो एका उपसंपादक बाईच्या माहेरापुढे वाकला. दोन्ही बाकं कुठे कुठे शोधत होती, आणि पेपर झुकला होता तो माझ्याकडे. वाडीची वाट बंद झाली होती आणि इथे माझी समजूत काढली जात होती.

"छापा," मी म्हटलं.

"तूच लिही मगे," अण्णा म्हणाले. "आणि नीट विचार कर. हे एकदा छापलं की परत घेता येत नाही." शेवटचं वाक्य पुन्हा शुद्ध मराठीत होतं.

मी लिहिलं. पाणंद सार्वजनिक आहे, ती विकणाऱ्याला विकता येत नाही, आणि विकणारा या दैनिकाच्या उपसंपादकाचा सख्खा भाऊ आहे. गाऱ्हाण्यातही घातलं: "बा देवा म्हाराजा, चूक आमच्याच घरातली आसा, ती पदरात घे आणि वाट मोकळी कर." अण्णांनी दोन्ही वाचलं आणि एकही शब्द न कापता खाली पाठवलं.

बातमीने काम केलं. मोजणी झाली. चिरे उचलले गेले. वाडी पुन्हा त्या वाटेने जाळी घेऊन जाऊ लागली. मला वाटलं, आता तरी लोक म्हणतील, बघा, यांनी घरच्यालाही सोडलं नाही.

कसालच्या टपरीवर एजंटाने माझ्यासाठी चहात आलं जास्त टाकलं आणि आवाज उतरवून विचारलं, "हिश्शाचा काय जमला काय नाय?"

"कसला हिस्सा?"

"बाये, आता माझ्याकडसून कित्याक लपयतस? भावाबयणीचो वाद आसा ह्या आंधळ्याक पण दिसता. हक्कसोड केलंस तेव्हा जमिनीक भाव नव्हतो. आता इलो." एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोन्ही बाकं यावर एकमताने माना हलवत होती. कोकणात जमिनीच्या बातमीच्या मागे भाऊबंदकी नसेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बहिणीने भावाचं नाव छापलं म्हणजे वाटणीसाठी दाब आणला, यापलीकडे दुसरं कारण कुणाला सुचतच नव्हतं. मी भांडले. मी तिथे अक्षरशः घसा ताणून भांडले, आणि माझ्या प्रत्येक वाक्यागणिक त्यांची खात्री वाढत गेली.

शेवटी म्हटलं, जगाचं राहू दे, घरी जाऊन येऊ. दादा माझी गाडी बघून मागच्या दाराने बाहेर पडला. आई स्वयंपाकघरात होती. ती रडेल, शिव्या घालेल, घराची अब्रू चव्हाट्यावर आणलीस म्हणेल, याची मी तयारी करून आले होते. तिने काहीच केलं नाही. पाट मांडला. भात वाढला, त्यावर बांगड्याची आमटी घातली, आणि माझ्यासमोर बसून माझा हात जरा वेळ हातात धरला.

"तुका हिस्सो व्हयो होतो," ती अगदी मायेने म्हणाली, "तर माका सांगूचा होता गो. पेपरात कित्याक घातलंस?"

मी सांगितलं. पाणंदीचं सांगितलं, वाडीचं, अण्णांचं, पेपराचं. मला एक गुंठाही नको आहे, कधीच नको होता, हे सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच आमटी गार होतेय म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि माझ्यावर विश्वासही नव्हता. मला ते सहन होईना. मी उष्टा हात बाजूला धरला आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "तुझी शपथ घेऊन सांगते आई..."

तिने माझं मनगट पकडलं.

"नको गो," ती म्हणाली. "खोटी शपथ आवशीक बाधता."

मी हात खाली घेतला.