गौरीच्या साड्यांची फुकट वेबसाइट

आधी आमच्या दुकानाचं नाव, मग आडवी रेघ, मग डोंबिवली, मग पुन्हा आडवी रेघ, मग साडी, मग टिंब, मग ज्या परदेशी कंपनीच्या जागेत आम्ही फुकट दुकान मांडलेलं तिचं नाव, आणि शेवटी आणखी एक टिंब आणि तीन अक्षरं. हा आमच्या वेबसाइटचा पत्ता. फोनवर एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून मी तो किती बायकांना सांगितला असेल, देव जाणे. प्रत्येकीचा ठरलेला प्रश्न असायचा, "ताई, ही रेघ मधली की खालची?" मधली हो, मधली! एवढं करून त्या साडीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त टाकायच्या आणि दुसऱ्याच कुठल्या पानावर जाऊन मला परत फोन करायच्या.

मी गौरीच्या साड्या शिवते. ज्यांच्याकडे गणपतीत मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात, त्यांना लोखंडी स्टँडला साडी नेसवताना काय घाम फुटतो ते विचारा. निऱ्या सुटतात, पदर घसरतो, घरात नैवेद्याची घाई आणि दोन जावा टाचण्या तोंडात धरून एकमेकींवर चिडलेल्या. आमच्या घरी हेच व्हायचं. शेवटी एका वर्षी मी निऱ्या, काष्टा, पदर सगळं बेतून शिवूनच टाकलं. मागे हुक लावले की गौर तयार. ती साडी शेजारणीने पाहिली, मग तिच्या बहिणीने, आणि बघता बघता माझा हा धंदाच होऊन बसला.

फोटो पाठवून पाठवून माझा मोबाइल भरला, तेव्हा वेबसाइटचा विषय निघाला. नवरा म्हणाला, "कोणाला तरी पैसे देऊन करून घेऊ या." तेवढ्यात माझे सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पैसे कशासाठी द्यायचे? मी करतो."

बाबा एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेले. ज्येष्ठ नागरिकांच्या संगणकवर्गात ते नुकतेच वेबसाइट बनवायला शिकले होते. "अगं, जागा ते देतात, साचा ते देतात. आपण केवळ मजकूर भरायचा. संपूर्णपणे विनामूल्य," ते म्हणाले. फुकट हा शब्द ते कधीच वापरत नाहीत. मी नवऱ्याकडे पाहिलं. आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "करू दे ना. त्यांचाही वेळ जाईल." त्यांचा वेळ गेला, माझाही गेला.

साइट दिसायला बरी होती, खोटं कशाला बोलू. प्रत्येक साडीखाली बाबांनी दोन-दोन परिच्छेद लिहिलेले. 'प्रस्तुत साडीचा काठ गर्द जांभळ्या रंगाचा असून' वगैरे. मी म्हटलं, "बाबा, एवढं कोण वाचणार? उंची आणि किंमत टाका." तर म्हणाले, "ग्राहकाला माहिती पूर्ण मिळाली पाहिजे."

पहिला दणका जाहिरातींनी दिला. विठ्ठलवाडीहून एका बाईंचा फोन आला. आवाज जरा दबका. "ताई, साड्या छानच आहेत हो. पण गौरीच्या फोटोखाली ते पत्त्यांचं काय लावलंय?" मी साइट उघडली. हिरव्या साडीतल्या ज्येष्ठा गौरीच्या पायाशी रमीची जाहिरात होती, 'आत्ताच खेळा' म्हणून लुकलुकणारी. कनिष्ठेच्या शेजारी पोट कमी करायचं औषध, आधीच्या आणि नंतरच्या पोटांसकट!

"बाबा, हे काय आहे?"

"ते आपलं नाही. जागा त्यांची आहे, तेव्हा जाहिरात त्यांची असणारच," ते शांतपणे म्हणाले.

"पण लोकांना वाटतं आपणच लावलंय!"

"मग तसा खुलासा करू."

आणि खरंच त्यांनी पानाच्या डोक्यावर लाल अक्षरांत खुलासा टाकला: 'या पृष्ठावरील जाहिरातींशी आमचा कोणताही संबंध नाही. कृपया नोंद घ्यावी.' ज्यांचं त्या जाहिरातींकडे लक्ष गेलं नव्हतं, त्याही आता मुद्दाम बघायला लागल्या. माझ्या जावेने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, वर हसणारे चेहरे.

मग निरोपांचा घोळ. साइटवर 'संपर्क' असं एक पान होतं. तिथे नाव, नंबर आणि काय हवं ते लिहायचं, की आमच्याकडे मेल येणार. येत होते, अधूनमधून. एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई उभ्या, कल्याणहून उन्हातून आलेल्या, चेहरा तापलेला. "तुमच्याकडे माणसं उत्तर द्यायला नाहीत का? तीनदा लिहिलं मी. शेवटी पत्ता शोधत आले." मी पाणी दिलं, माफी मागितली, दुकानात बसवावं तसं बसवून साड्या दाखवल्या. त्या गेल्यावर आम्ही शोधलं, तर त्यांचे तिन्ही निरोप नको असलेल्या मेलांच्या ढिगात पडलेले. त्यांच्या शेजारी आणखीही बऱ्याच जणींचे. काहींना तर मागच्याच वर्षीच्या गौरीसाठी साडी हवी होती.

"आता पैसे भरून नीट साइट घेऊ या," मी म्हटलं.

"नीटच आहे ती. रोज तो ढीग तपासायचा, इतकंच. मी तपासेन," बाबा म्हणाले. आणि तपासायचेही. त्यांच्या मेहनतीला नावं ठेवता येत नाहीत, हीच तर पंचाईत होती. आळशी माणसावर चिडणं किती सोपं!

श्रावणात ठाण्याला, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. वर्षाचा निम्मा धंदा अशा ठिकाणी ठरतो. बायका तिथे बघून जातात आणि घरी विचारून मग ऑर्डर देतात. सगळ्या साड्या स्टॉलवर मांडता येत नाहीत, म्हणून आम्ही मोठा बोर्ड छापला. त्यावर तो चौकोनी कोड, मोबाइल धरला की साइट उघडणारा. बाबा खास इस्त्रीचा सदरा घालून आलेले. बोर्डाशेजारी खुर्ची टाकून ते येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते, "इथे भ्रमणध्वनी धरा. संपूर्ण संग्रह दिसेल."

सकाळ मस्त गेली. बायका कोड टिपत होत्या, मैत्रिणींना पाठवत होत्या. जेवणानंतर गर्दी आणखी वाढली. आणि एका मुलीने मान वर करून विचारलं, "काकू, हे इंग्लिशमध्ये काहीतरी येतंय. साइट बंद आहे का?"

"नेट गेलं असेल."

"नाही, लिहिलंय की या महिन्याची भेटींची मर्यादा संपली. मालक असाल तर पैसे भरा."

मी तिचा मोबाइल घेतला. करडं पान, मधोमध एक झोपलेलं मांजर आणि खाली ती सूचना. माणसं आली म्हणून दुकान बंद! माणसं यावीत म्हणून तर आम्ही दुकान मांडलं होतं. मागून दुसरी म्हणाली, "माझ्याकडे पण मांजरच येतंय." तिसरी हसली. दोघी-तिघी कोड न टिपताच पुढच्या स्टॉलवर मसाले बघायला गेल्या.

बाबा चष्मा पुसून मोबाइल बघत होते. "अशी मर्यादा असते, हे वर्गात सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"बाबा, आधी तो बोर्ड उलटा करा!" माझा आवाज चढलाच. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी चढला.

बाबांनी बोर्ड भिंतीकडे फिरवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं, रागावून घरी निघाले. मी फोन करायला मोकळी नव्हते. मापं सांग, काठ दाखव, नंबर सांग, आणि सगळ्यांना नंबर तोंडीच सांग, कारण कार्डावरही आम्ही मोठ्या हौसेने फक्त वेबसाइटच छापली होती.

बऱ्याच वेळाने बाबा घामाघूम होऊन परत आले. हातात कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. स्टेशनकडच्या झेरॉक्सवाल्याकडून माझा फोन नंबर छापून, स्वतः उभं राहून कापून आणलेल्या. माझा राग निम्मा तिथेच उतरला. "बसा बाबा, पाणी प्या," मी म्हटलं आणि पट्टी वाचली. नंबर बरोबर होता. त्याच्याखाली आमचा तो रेघांचा अख्खा पत्ता, आणि त्याखाली: 'संकेतस्थळ पुढील महिन्यात पूर्ववत सुरू होईल.'

तोवर गौरी बसून उठणार होत्या. तरी मी पट्ट्या वाटल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने त्या कंपनीला पैसे भरायचा प्रयत्न केला. बाबाही तयार झाले होते. बँकेचं कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना. मदतीच्या खिडकीत लिहिलं, तर एक यंत्र दरवेळी आमच्या संयमाबद्दल आभार मानायचं. कसला संयम! तो सगळा सीझन मी फोनवर काढला. कानाला फोन, मांडीवर साडी, पायाखाली मशीन. ऑर्डरी गेल्या वर्षीइतक्याच झाल्या, पण त्यासाठी घसा बसला.

नवी साइट, पैसे भरून, स्वतःच्या नावाची, गौरी विसर्जनानंतर तयार झाली, म्हणजे एकाही बाईला गौरीची साडी नको असते तेव्हा. नाव विकत घ्यायचं हे बाबांना अजून पटलेलं नाही. "नाव आपलंच. मग ते विकणारे कोण?" फोटो सगळे परत काढले, कारण जुन्या साइटवरून एकगठ्ठा काढता येईनात. मजकूर बाबांनीच परत लिहिला. आता उंची आणि किंमत पहिल्या ओळीत असते, काठाचं वर्णन त्यानंतर. एवढं मी मिळवलं.

जुनी साइट मात्र मिटता मिटत नाही. मिटवायला लागणारा कोड बाबांच्या ज्या नंबरवर जातो, तो त्यांनी केव्हाच बंद केलाय. शोधलं की आजही आधी तीच वर येते, जुन्या भावांसकट. परवा टिटवाळ्याहून एका बाईंचा फोन आला. तिथली हिरवी साडी हवी होती, तिथल्याच भावात. मी मशीनवर होते म्हणून फोन बाबांनी घेतला. मी हातानेच खूण करत होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

"तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवून वाचलंत," बाबा फोनवर सांगत होते, "तेव्हा त्याच भावात देऊ."

मी मशीनवरून उठलेच. तोवर त्यांनी गौरीच्या उंचीचं मापही घेऊन टाकलं होतं.