पोटरीतली गाठ

माझ्या सासूबाई जसोदाबाई, आमच्या सगळ्यांच्या बा, कोणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. सत्तरी ओलांडली तरी केळीच्या बागेत एकट्या जायच्या, विंचू दिसला तर चपलेनं चिरडायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "चारू, तू तर सावलीले बी घाबरस." त्याच बा न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला, नंदुरबारला ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर दवाखान्यातल्या रविना सिस्टरांचा दर मंगळवारी फोन. चालवता का, गोळ्या देता का, पायाला सूज आहे का? मी आपली "सगळं छान" म्हणून मोकळी! परक्या बाईपुढे घरचं रडगाणं कशाला गायचं? इकडे बा उभ्या राहायला तयार नाहीत. मग पोटरी सुजली, तापली. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगून जायची, तेल चोळ, पाय मोकळा होईल. आमच्याकडे सासूचे पाय चोळत नाही ती सून कसली? आठ दिवस मी कोमट तिळाचं तेल जीव लावून चोळलं.

तिसऱ्या मंगळवारी हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता त्या पायाला हात लावू नका. शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, तर चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लगेच घेऊन या, मी डॉक्टरांना सांगून ठेवते."

धर्मेंद्र, माझा नवरा, गाडी चालवत होता आणि मी मागे बांचा श्वास मोजत होते. त्या नुसत्या खोकल्या, तर मी किंचाळलेच. अगं आई गं, मीच मारलं की काय यांना!

तपासणीत गाठ सापडली. नशीब, अजून पोटरीतच होती. डॉक्टर तयारच होते, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली. चौथ्या दिवशी सिस्टरांनी वॉकर पुढं ठेवला, आता धोका टळलाय, चालायलाच हवं म्हणाल्या. बांनी माझं मनगट असं आवळलं की बांगड्या रुतल्या.

"चारू, मी मरी जासू का वं?"

मला काय ठाऊक!

"नही, बा," मी म्हणाले.

ते तेल कोणी चोळलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी माझ्याच शब्दावर त्यांनी पाऊल टाकलं.