मामाची गूळतुला

पहिल्या तुलेच्या दिवशी मी माइकवर इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी घशातून आवाजच फुटेना. पण फिकीर कुणाला होती! वाटूरजवळच्या आमच्या गावात दोन वर्षं मी दारूविरोधी सभा घेत होते. पत्रकं मीच लिहायची, वाटायची मीच. ठळक अक्षरं, प्रत्येक ओळीपुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. सोडून दाखवणारा माणूस मात्र एकही मिळत नव्हता. आणि सोडली कुणी? माझ्या सख्ख्या मामानं! वीस वर्षं रोज पिणारा माणूस जांब समर्थला गेला, रामापुढे नारळ ठेवला आणि म्हणाला, आजपासून बंद. पहिले आठ-दहा दिवस हात असे थरथरायचे की कप धरवेना. ते डॉक्टरांच्या गोळ्यांवर काढले. पण काढले!

तुलेची कल्पना माझीच. आमच्याकडं पुढारी आला की त्याची गूळतुला होते. मी म्हटलं, पुढाऱ्यानं असं काय सोडलंय? ज्यानं सोडलं त्याला बसवा पारड्यात! भुसार दुकानातला मोठा तराजू पारावर टांगला. एकीकडं मामा, दुसरीकडं गुळाच्या ढेपा. मामाचा जुना पिण्यातला दोस्त, जो अजून पीतच होता, हलगी बडवायला उभा. गूळ घरोघर वाटला. आता दर महिन्याला मोजायचं असं मीच जाहीर केलं, कारण पत्रकात माझंच वाक्य होतं: 'दारू सोडा, अंगाला लागेल!!!'

आणि लागलं की! दुसऱ्या महिन्यात अर्धी ढेप जास्त चढवावी लागली. तिसऱ्यात त्याहून जास्त. लोक टाळ्या पिटत होते. दोस्त हलगी थांबवून म्हणाला, "काय रे, दिवस गेले का काय तुला?"

"व्हय," मामा पारड्यातून म्हणाला, "बाळंतपणाला तूच ये सुईण म्हणून."

सगळा पार हसला. मी तर हवेतच होते.

मामीनं मला बाजूला घेतलं. "माय, ह्यांच्या पायजम्याचा नाडा तिसऱ्यांदा बदलला मी. पोट फुगून राह्यलं, पण दंड बघ ना. बाह्या नुसत्या लोंबून राह्यल्या. दिवसा झोपतेत, रातभर जागे."

मी काय सांगावं? "मामी, आधी पोट सुधारतं, मग हात." कुठं वाचलं होतं मी हे? कुठंच नाही. पण बोलले ठासून, जणू छापूनच आलंय.

चौथ्या तुलेला मामाला पारड्यात पाय टाकता येईना. मी वाकून त्याची नडगी धरली, पाय उचलून आत ठेवला. हात काढला तर माझ्या अंगठ्याचा खड्डा तसाच! भिजलेल्या कणकेवर पडावा तसा. मी वर बघितलं. भर उन्हात त्याचे डोळे पिवळे. कपाळ पिवळं दिसलं तर ओवाळताना लागलेली हळद असेल असं महिनाभर समजत होतो आम्ही, डोळ्यांकडं कुणी बघितलंच नाही.

"हलगी बंद करा!" मी ओरडले. "उतरवा त्याला!"

"अगं, तुला तर पुरी होऊ दे!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"जीप आणा, जल्दी!"

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटावर बोटं वाजवून बघितली. "पोट कधीपासून वाढतंय?"

"तीन महिने," मी म्हटलं. "दर महिन्याला मोजलंय आम्ही."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "मोजलं? आणि आणलं नाही?"

असा मार मला कुठल्या सभेत पडला नव्हता.

"हे अंगाला लागलेलं नाही, पाणी आहे," त्या म्हणाल्या. "दारूनं लिव्हर कडक होतं, मग पोटात पाणी साठतं. मांस झडत जातं. काट्यावर माणूस वाढतो आणि आतून वाळतो."

पोटात सुई लावली. पिवळं पाणी नळीतून बाटलीत उतरू लागलं. एक बाटली, मग दुसरी. माझ्या गुळाच्या ढेपा वाहून चालल्या होत्या. दारूच्या बाटलीवरचा इशारा कुणाला वाचता येत नाही इतका बारीक असतो म्हणून मी सभांत बोंब मारायचे. माझं तर ठळक अक्षरातलं खोटं होतं!

मामा छताकडं बघत म्हणाला, "माय, पेत होतो तवा पोट सपाट होतं. सोडली आन हे झालं. मंग सोडून काय फायदा?"

झालं! हा घरी जाऊन पहिली बाटली उघडणार. "मामा, दारू म्हणजे..."

"पत्रक नको वाचू."

डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. "काका, लिव्हर वीस वर्षं बिघडत होतं, बोलत नव्हतं. आता बोललं. हमी मी देत नाही. पण तुम्ही सोडलीय म्हणून माझ्या औषधाला काही अर्थ आहे. आता एक घोटसुद्धा घेतलात, तर मी नुसतं पाणी काढत बसेन."

मामानं तोंड भिंतीकडं वळवलं. घरी आल्यावर रोजच्या गोळ्या आणि बिनमिठाची भाजी. महिनाभर मी त्याच्या दारावरून जाताना वास घेत होते, खोटं का सांगू!

मग एक दिवस त्याचाच निरोप आला: काटा लाव.

पार भरला. मामा बसला, आणि ढेपा उतरवाव्या लागल्या. एक, अजून एक. कुजबुज सुरू झाली. दोस्त हलगी सोडून मोठ्यानं म्हणाला, "उतरला रे! पुन्हा सुरू दिसतंय!"

मामानं माझ्या हातातला माइक ओढला. "पाणी उतरलंय! थेंब घेतला न्हाई मी!" आणि पायजमा वर करून त्यानं नडगीवर अंगठा दाबला. "हितं असा खड्डा पडत होता. तुमी टाळ्या वाजवून राह्यलता, मी मरून राह्यलतो. ज्याचा खड्डा राहील त्यानं तुलेला न्हाई, दवाखान्यात बसायचं!"

कुणी हसलं नाही. हलगी गळ्यात तशीच लोंबत असताना दोस्त खाली वाकला. स्वतःच्याच नडगीवर दाबला अंगठा. वाकलेलाच राहिला.

"राह्यला का?" मामानं माइकवरच विचारलं.

त्यानं दुसऱ्या पायावर दाबून बघितलं.

मामा पारड्यातून उतरला तशी गुळाची बाजू धाडकन खाली आदळली. त्यानं दोस्ताच्या गळ्यातली हलगी काढून माझ्या हातात दिली.

"माय, जीप काढायला लाव. मी बसतो याच्यासंगं."