आधी कपडे, मग नाव

मेजर मॅडम कुणाच्याही हातून काही घेण्याआधी ते हुंगायच्या. चहा, औषधाची बाटली, अगदी लग्नाची पत्रिकासुद्धा. पनवेलच्या आमच्या इस्पितळात त्या मेट्रन म्हणून आल्या, त्या पहिल्याच सकाळी कॅज्युअल्टीची नर्स म्हणून मी ओळख करून द्यायला हात पुढे केला, तर माझ्या बाहीकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "हा डाग कसला?" डाग नाश्त्याच्या सांबाराचा होता. ते त्यांना पटेपर्यंत माझा हात तसाच हवेत राहिला.

मेजर सुमन घरत मूळच्या उरणकडच्या, मिठागरवाल्या आगरी घरातल्या. लष्करात नर्स म्हणून गेल्या आणि अंगावर विषारी रसायन पडलेले जवान लष्करी इस्पितळात आले तर त्यांना कसं हाताळायचं, हे शिकवण्यात त्यांची निम्मी नोकरी झाली. तळोज्याचे कारखाने जवळ, म्हणून आमच्या मालक डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आल्या आल्या त्यांनी कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर जाड पिवळी रेघ मारून घेतली. रेघेबाहेर शॉवर आणि सांडपाण्याची वेगळी टाकी. रसायन सांडलेला माणूस बाहेर धुतला जाणार आणि मगच आत येणार. श्वास अडकला असेल तर आम्ही मास्क, हातमोजे चढवून बाहेर जायचं. "आधी कपडे, मग नाव," हे त्यांचं पालुपद.

लष्करातल्या एका सरावात त्यांचे मोठे साहेब शाबासकी द्यायला रेघेपलीकडून थेट आत आले, तर मॅडमनी त्यांचाही गणवेश उतरवून त्यांना शॉवरखाली उभं केलं होतं. हे सांगताना त्या हसायच्या नाहीत. रंगात आल्या की त्यांची गावची बोली वर यायची. "विषाला रँक दिसत नाय," म्हणायच्या.

आम्हाला त्या आवडत नव्हत्या, उगाच खोटं कशाला सांगू? त्या मालकांचे कान भरतात, असा आमचा पक्का संशय होता. त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की गप्पा बंद. त्यांचा तर सगळ्या जगावरच संशय. एकाने पेशंट धुतला की दुसऱ्याने तो डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासायचा, धुणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही, असा नियम. "मी धुतला तरी तपास. माझ्यावर पन संशय घे." मला हे बोलणं निव्वळ दिखाऊ वाटायचं. त्यांना तपासायची हिंमत होती कुणाची?

एकदा अ‍ॅसिड सांडलेला एक कामगार आला. मॅडमनी कात्रीने त्याचे कपडे कापले आणि त्याच झपाट्यात कमरेचा काळा करगोटाही. त्याचा म्हातारा बाप खवळला. आमच्या भागात पुरुषाचा करगोटा तोडतात तो मेल्यावर, सरणावर ठेवण्याआधी. "माझा पोर जिता हाय! करगोटा काय कापताव?" तो ओरडला. मॅडमनी मान वर न करता पाणी सोडलं. "जिता राहावा म्हनूनच कापला, काका."

मग एका दुपारी टेम्पोतून जनार्दन आला, मॅडमचा धाकटा भाऊ. गोदामात कीटकनाशकाचा पिंप फुटून अंगावर पडला होता. तोंडाला फेस, घामाने निथळलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. धुवायला मॅडमनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही बाहेरच इंजेक्शनं दिली, त्यांनी कपडे कापले, साबणाने धुतलं, चादर गुंडाळली आणि म्हणाल्या, "घ्या आत." कुणीच तपासलं नाही. मेजरच्या भावाची चादर कोण उचलणार?

जनार्दन सावरला. आणि थोड्या वेळाने परत बिघडला. पुन्हा फेस, छातीत घरघर. डॉक्टर औषधाचा डोस वाढवत होते, पण गुण काही टिकत नव्हता. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात अजून ओले. अंगावर कुठेतरी विष राहिलं असलं तरच असं होतं. त्या क्षणी मला त्यांचा संशय आला. मी हातमोजे चढवले आणि त्यांच्यादेखत चादर बाजूला केली.

कमरेला करगोटा होता. विषात भिजलेला, जाड सुती, कातडीला चिकटलेला. खाली लालभडक वळ.

मी कात्री उचलली. मॅडम एकदम पुढे आल्या. "आयनं बांधलाय गो," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी तोंड फिरवलं. "काप."

मी कापला. त्याला पुन्हा बाहेर नेऊन धुतलं. संध्याकाळपर्यंत बाहुल्या मोठ्या झाल्या, धाप थांबली. जनार्दन वाचला.

मॅडम आता नाहीत. गेल्या वर्षी त्या गेल्या. मला आठवतात त्या जनार्दनला घरी सोडलं त्या सकाळच्या. त्या नवा करगोटा घेऊन आल्या होत्या. आधी हुंगला, मग भावाच्या कमरेला स्वतः बांधला. बांधताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग मला हाक मारली.

"ओढली की सुटेल अशी गाठ मारलीय. कात्री लागायची नाय."

"छान बांधलीत, मॅडम," मी म्हटलं.

"छान नको म्हणू," त्या म्हणाल्या. "ओढून बघ."